विश्लेषण : लाठीनिशी एके-४७ ला भिडलेले तुकाराम ओंबळे… पोलिसांच्या हाती शस्त्र कधी येते आणि ड्युटी संपल्यावर ते कुठे जाते?

मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जिथे एकत्र येतात, त्या वरसावे नाक्यावरची नाकाबंदी मीरा-भाईंदरकरांना नवी नाही. दहिसरकडून येणारी, ठाण्याकडे वळणारी आणि वसई खाडीवरचा पूल ओलांडून गुजरातच्या दिशेने जाणारी वाहने याच ठिकाणाहून जातात. लोखंडी अडथळे, हातात टॉर्च, कमरेला शिटी आणि बहुतेकांच्या हाती लाठी, हे नाकाबंदीचे नेहमीचे चित्र. काच खाली करणाऱ्या वाहनचालकाच्या मनात सहसा कागदपत्रांचा विचार असतो. पण समोरच्या गाडीत सशस्त्र हल्लेखोर असतील तर अडथळ्यापाशी उभ्या असलेल्या पोलिसाकडे काय असते? असलेले शस्त्र चालवण्याचा सराव त्याने केव्हा केलेला असतो? ड्युटी संपवून घरी जाताना ते शस्त्र सोबत असते का? अशाच एका नाकाबंदीवर प्राण दिलेल्या तुकाराम ओंबळे यांच्या आयुष्याच्या आधारे या प्रश्नांची उत्तरे समजून घेऊ.

तुकाराम ओंबळे कोण होते?

तुकाराम गोपाळ ओंबळे हे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. जावळीचा हा भाग डोंगराळ, शेती पावसाच्या भरवशावरची. त्यामुळे घरटी एक जण मुंबईत कामाला किंवा सैन्यात, ही इथल्या अनेक गावांची जुनी रीत. ओंबळे यांच्या आयुष्यात या दोन्ही वाटा आल्या. आधी ते लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये दाखल झाले. संदेशवहन सांभाळणाऱ्या या विभागात सेवा करून ते नाईक या हुद्द्यावरून निवृत्त झाले. त्यानंतर १९९१ मध्ये त्यांनी मुंबई पोलीस दलात शिपाई म्हणून नोकरी धरली.

लष्करातून निवृत्त झालेला जवान पोलिसात येतो तेव्हा त्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. शिपाई, नाईक, हवालदार आणि मग सहायक फौजदार, अशी तेव्हाची चढण होती. बंदोबस्त, रात्रपाळी, पंचनामे, समन्स बजावणे, आरोपींना न्यायालयात नेणे-आणणे अशा कामांत त्यातली वर्षे जातात. ओंबळे हीच वाट चालत सहायक फौजदार झाले. २००८ मध्ये ते दक्षिण मुंबईतील डी. बी. मार्ग म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्यात नेमणुकीला होते. राहायला वरळीच्या पोलीस वसाहतीत. पत्नी आणि मुली असा परिवार. त्या नोव्हेंबरपर्यंत पोलीस दलाबाहेर त्यांचे नाव कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सैन्याच्या कोणत्याही शाखेतल्या जवानाला प्राथमिक शस्त्रप्रशिक्षण मिळतेच. म्हणजे ओंबळे यांना बंदूक अनोळखी नव्हती. तरीही आयुष्यातल्या सर्वांत कठीण क्षणी त्यांच्या हाती होती ती लाठी.

२६ नोव्हेंबरची रात्र चौपाटीपर्यंत कशी पोहोचली?

२६ नोव्हेंबर २००८ रोजी रात्री समुद्रमार्गे आलेल्या लष्कर-ए-तैयबाच्या दहा दहशतवाद्यांनी दक्षिण मुंबईत अनेक ठिकाणी हल्ले केले. त्यांपैकी अजमल कसाब आणि इस्माईल खान या दोघांनी छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या फलाटांवर आणि मुख्य दालनात प्रवाशांवर बेछूट गोळ्या झाडल्या. रेल्वे पोलीस निरीक्षक शशांक शिंदे तिथे शहीद झाले. तिथून निघून हे दोघे कामा रुग्णालयात शिरले आणि नंतर शेजारच्या रंगभवन गल्लीत आले.

या गल्लीत त्यांनी पोलिसांच्या गाडीवर गोळीबार केला. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, अतिरिक्त आयुक्त अशोक कामटे, वरिष्ठ निरीक्षक विजय साळसकर आणि त्यांच्यासोबतचे आणखी तीन पोलीस मारले गेले. गाडीच्या मागच्या भागात असलेले अरुण जाधव जखमी अवस्थेत वाचले. अंगावर सहकाऱ्यांचे देह आणि हाताला जखम, यामुळे त्यांना शस्त्रापर्यंत पोहोचता आले नाही. शस्त्र जवळ असणे आणि ते वापरता येणे यांत किती अंतर असू शकते, हे त्या गाडीत दिसले. दोघा दहशतवाद्यांनी तीच गाडी पळवली. तिचा टायर फुटल्यावर त्यांनी वाटेत एक स्कोडा मोटार हिसकावली आणि मरिन ड्राइव्हमार्गे गिरगाव चौपाटीच्या दिशेने निघाले.

तोवर नियंत्रण कक्षाकडून बिनतारी संदेश सुटला होता. डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या पथकाने गिरगाव चौपाटीजवळ नाकाबंदी लावली होती. त्या पथकात ओंबळे होते.

चौपाटीवर नेमके काय घडले?

मध्यरात्र उलटून गेल्यावर, साडेबाराच्या सुमारास स्कोडा आली. अडथळ्यांच्या काही अंतर अलीकडेच ती थांबली. समोरचे दिवे प्रखर करून, काचेवर पाणी उडवून आत कोण आहे हे दिसू नये असा प्रयत्न झाला. मग गाडी वळवण्याच्या नादात ती दुभाजकाला अडकली. पोलीस दोन्ही बाजूंनी पुढे सरकले. गाडीतून गोळीबार सुरू होताच पथकातील अधिकाऱ्यांनी आपल्याकडच्या लहान शस्त्रांतून उत्तर दिले. त्यात चालकाच्या जागेवरचा इस्माईल खान मारला गेला.

डाव्या बाजूच्या दारातून कसाब एके-४७ घेऊन बाहेर पडला. ओंबळे त्याच्या सर्वांत जवळ होते. त्यांनी दोन्ही हातांनी रायफलची नळी पकडली आणि ती सोडली नाही. कसाबने चाप ओढला. गोळ्या ओंबळे यांच्या शरीरात घुसल्या. सहायक पोलीस निरीक्षक संजय गोविलकर हेही गोळी लागून जखमी झाले. मात्र नळी ओंबळे यांच्या पकडीत असल्याने कसाबला रायफल इतरांकडे वळवता आली नाही. त्या काही सेकंदांत बाकीचे पोलीस त्याच्यावर तुटून पडले आणि लाठ्यांनी मारून त्याला जिवंत पकडले. ओंबळे वाचू शकले नाहीत.

एके-४७ चे मॅगझिन साधारण ३० गोळ्यांचे असते आणि ती सलग झाडायला काही सेकंद पुरतात. नळी मोकळी राहिली असती तर त्या अरुंद जागेत उभ्या असलेल्या पथकाचे काय झाले असते, याचा अंदाज करणे अवघड नाही.

कसाब जिवंत सापडल्याने कटाचा माग पाकिस्तानपर्यंत लागला. कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचे फेब्रुवारी २००९ मध्ये पाकिस्तान सरकारलाही मान्य करावे लागले. विशेष न्यायालयाने मे २०१० मध्ये कसाबला फाशीची शिक्षा सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात तिची अंमलबजावणी झाली.

ओंबळे यांच्या हाती लाठीच का होती?

याचे साधे उत्तर असे, की भारतात पोलीस ठाण्यातील प्रत्येक कर्मचाऱ्याला रोज शस्त्र देण्याची पद्धत नाही. ठाण्याचा मोठा भाग तपास, बंदोबस्त आणि गस्त या कामांसाठी असतो आणि त्यासाठी लाठी हेच मुख्य साधन मानले गेले आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर साधारणपणे उपनिरीक्षक आणि त्यावरील अधिकाऱ्यांकडे असते. शिपाई ते सहायक फौजदार या दर्जाच्या अंमलदारांना कामाच्या स्वरूपानुसार शस्त्र मिळते. कैदी पार्टी, खजिन्याचा पहारा, महत्त्वाच्या व्यक्तींचे अंगरक्षक, संवेदनशील ठिकाणचा बंदोबस्त ही त्याची उदाहरणे. सशस्त्र कामासाठी राज्य राखीव पोलीस दल आणि मुख्यालयातील सशस्त्र विभाग वेगळे असतात.

या रचनेमागे एक विचार आहे. गर्दीत, मोर्च्यात, वस्तीत काम करणाऱ्या पोलिसाकडे बंदूक नसेल तर ती हिसकावली जाण्याची किंवा घाईत चालवली जाण्याची भीती राहत नाही. ब्रिटनमध्ये तर आजही बहुसंख्य पोलीस बंदुकीविना गस्त घालतात आणि खास प्रशिक्षित पथकेच सशस्त्र असतात. पण तिथे सशस्त्र पथक काही मिनिटांत पोहोचेल अशी व्यवस्था असते. २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईत एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ले सुरू होते. समोर स्वयंचलित रायफली होत्या आणि पोलिसांकडे होत्या त्यांत जुन्या .३०३ रायफली, पिस्तुले आणि लाठ्या. .३०३ रायफलीत प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे ओढून पुढची गोळी भरावी लागते. त्या वेळात एके-४७ चे अर्धे मॅगझिन रिकामे होऊ शकते.

चांदमारी म्हणजे काय? ती का महत्त्वाची?

बंदुकीचा नेम धरून गोळीबार करण्याच्या सरावाला आपल्याकडे जुना शब्द आहे चांदमारी. भरती झालेल्या शिपायाला पोलीस प्रशिक्षण केंद्रात आणि थेट नियुक्त उपनिरीक्षकांना नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत शस्त्रप्रशिक्षण मिळते. शस्त्र उघडणे-जोडणे, साफ करणे, गोळी भरणे, अडकलेली गोळी काढणे आणि मग लक्ष्यावर नेम, असा त्याचा क्रम असतो. पुढे नोकरीत असताना ठराविक काळाने गोळीबार सराव घेतला जातो. झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब लागतो आणि रिकामी काडतुसे मोजून परत करावी लागतात.

कागदावर हे सगळे नीट दिसते. अडचण अंमलबजावणीत येते. सरावासाठी गोळ्या लागतात, सुरक्षित मैदान लागते आणि बंदोबस्तातून मोकळीक लागते. सण, निवडणुका, मोर्चे, नेत्यांचे दौरे यांतून पोलिसाला एक पूर्ण दिवस सरावासाठी सोडणे ठाणे प्रमुखाला जड जाते. मग सराव पुढे ढकलला जातो.

२६/११ नंतर राज्य सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि माजी अधिकारी व्ही. बालचंद्रन यांची उच्चस्तरीय चौकशी समिती नेमली. एप्रिल २००९ मध्ये सादर झालेल्या अहवालात समितीने गोळ्यांचा तुटवडा आणि त्यामुळे नियमित न झालेला गोळीबार सराव याकडे लक्ष वेधले. म्हणजे प्रश्न फक्त लाठी की पिस्तूल असा नव्हता. ज्यांच्याकडे शस्त्र होते त्यांनाही ते पुरेसे चालवून पाहायला मिळत नव्हते.

पोलिसांच्या नेमबाजीचा शास्त्रशुद्ध विचार जगात पहिल्यांदा ज्या ठिकाणी झाला त्यांत शांघाय महत्त्वाचे मानले जाते. १९०७ मध्ये तिथल्या म्युनिसिपल पोलीस दलात दाखल झालेले विल्यम फेअरबेर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने चकमकींच्या नोंदी तपासल्या. या दलात पंजाबातून गेलेले शीख पोलीसही मोठ्या संख्येने होते. बहुतेक चकमकी काही फुटांच्या अंतरावर, अपुऱ्या उजेडात आणि काही सेकंदांत संपतात, हे फेअरबेर्न यांच्या लक्षात आले. उजेडात, स्थिर उभे राहून, दूरच्या गोल लक्ष्यावर सावकाश नेम धरण्याचा सराव अशा वेळी फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून त्यांनी अंधाऱ्या खोल्या, अचानक समोर येणारी लक्ष्ये आणि धावपळीनंतरचा गोळीबार यांवर भर दिला. गिरगाव चौपाटीवरची चकमकही अशीच होती. रात्र, डोळ्यांवर येणारा गाडीचा उजेड, काही फुटांचे अंतर आणि विचार करायला वेळ नाही.

पोलीस ‘सदैव कर्तव्यावर’ असतो, मग शस्त्र घरी का नेत नाही?

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २८ नुसार पोलीस अधिकारी हा नेहमीच कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. या कायद्यात अधिकारी या शब्दात शिपाईही येतो. पाळी संपली, गणवेश उतरवला, तरी समोर गुन्हा घडत असेल तर त्याला पाठ फिरवता येत नाही. २६ नोव्हेंबरच्या रात्री हेमंत करकरे यांच्यासह अनेक अधिकारी घरून निघून थेट घटनास्थळी पोहोचले होते.

पण शस्त्राचा नियम वेगळा चालतो. सरकारी शस्त्र हे व्यक्तीचे नसते, दलाचे असते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ नुसार लोकसेवकाला कर्तव्याच्या ओघात शस्त्र बाळगण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. ही सूट कर्तव्याशी जोडलेली आहे. त्यामुळे सामान्य अंमलदाराला पाळीच्या सुरुवातीला शस्त्र आणि गोळ्या नोंद करून मिळतात आणि पाळी संपताना त्या मोजून शस्त्रागारात जमा कराव्या लागतात. एक जरी गोळी कमी भरली तरी चौकशी लागते. अधिकाऱ्यांना किंवा अंगरक्षकांना शस्त्र जवळ ठेवायला दिले जाते तेव्हाही त्याची नोंद आणि जबाबदारी नावावर असते.

पोलिसाला स्वतःचे पिस्तूल घ्यायचे असेल तर त्याला इतर नागरिकांसारखाच परवाना काढावा लागतो. आयुक्तालय असलेल्या शहरांत तो पोलीस आयुक्तांकडून, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो. शस्त्र नियम, २०१६ मध्ये परवान्यासाठी शस्त्र सुरक्षिततेचे प्रशिक्षण घेण्याची तरतूद आली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. खासगी शस्त्र वापरले तर स्वसंरक्षणाचा जो कायदा सर्वांना लागू, त्याच्याच कसोटीवर ते तपासले जाते.

थोडक्यात, कायद्याने पोलीस चोवीस तास पोलीस आहे, पण शस्त्र त्याच्याकडे पाळीपुरतेच आहे. लोकलने घरी जाणाऱ्या शिपायासमोर चाकू घेतलेला माणूस उभा राहिला तर कर्तव्य पूर्ण आणि साधन शून्य, अशी त्याची अवस्था असते.

मग सर्वांनाच शस्त्र घरी का देत नाहीत?

कारण धोका दुसऱ्या बाजूनेही आहे. पोलिसांची घरे लहान, वसाहती दाटीच्या, घरात मुले. शस्त्र सुरक्षित ठेवायला कुलूपबंद पेटी प्रत्येक घरात असेलच असे नाही. चोरी, घरगुती भांडण, नैराश्य यांपैकी कोणत्याही प्रसंगी जवळ असलेले भरलेले पिस्तूल जीवघेणे ठरते. अपुरी झोप, लांबलेल्या पाळ्या आणि रजा न मिळणे या पोलिसांच्या नित्याच्या तक्रारी आहेत. अशा थकलेल्या माणसाच्या हाती चोवीस तास शस्त्र द्यावे का, हा प्रश्न वैद्यकीयही आहे.

मीरा-भाईंदरला याची भीषण आठवण आहे. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यावर आणि तीन प्रवाशांवर गोळ्या झाडून त्यांचा जीव घेतल्याची घटना घडली. आरोपीला मीरा रोडजवळ पकडण्यात आले. तो ड्युटीवर होता आणि शस्त्र अधिकृतपणे दिलेले होते. शस्त्र देताना नेमबाजीइतकीच मानसिक स्थितीची तपासणी का हवी, हे या घटनेने दाखवले.

इतर देशांत काय पद्धत आहे?

अमेरिकेत ड्युटीबाहेर पिस्तूल बाळगणे पोलिसांसाठी सर्रास आहे. २००४ मध्ये तिथे केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार पात्र पोलीस अधिकारी आणि ठराविक अटी पूर्ण करणारे निवृत्त अधिकारी आपल्या राज्याबाहेरही कपड्याआड पिस्तूल बाळगू शकतात. मात्र त्याला एक अट आहे. सेवेतील अधिकाऱ्याने आपल्या खात्याची नेमबाजीची पात्रता नियमितपणे पूर्ण केलेली असली पाहिजे. निवृत्त अधिकाऱ्यालाही ती ठराविक मुदतीत पुन्हा सिद्ध करावी लागते. नशेत असताना शस्त्र बाळगता येत नाही. या सवलतीवर तिथेही वाद आहेत. साध्या कपड्यातल्या पोलिसाला दुसऱ्या पोलिसाने गुन्हेगार समजून गोळी घालण्याच्या घटना घडल्या आहेत.

ब्रिटनने उलटा मार्ग घेतला. तिथे शस्त्र मोजक्यांनाच मिळते, पण त्या मोजक्यांचे प्रशिक्षण कडक असते. दोन्ही पद्धतींत एक सूत्र समान आहे. शस्त्र बाळगण्याचा अधिकार हुद्द्यावर नाही, तर ताज्या सरावावर अवलंबून असतो. आपल्याकडच्या चर्चेत नेमका हाच मुद्दा मागे पडतो. शस्त्र कोणते घेतले याची बातमी होते, ते किती जणांनी किती वेळा चालवले याची होत नाही.

२६/११ नंतर काय बदलले?

राज्याने २००९ मध्ये फोर्स वन हे कमांडो दल उभारले. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे केंद्र मुंबईत आले. शीघ्र प्रतिसाद पथके बळकट झाली. आधुनिक पिस्तुले, स्वयंचलित रायफली आणि बुलेटप्रूफ जॅकेटची खरेदी झाली. मोक्याच्या ठिकाणी सशस्त्र पोलीस आणि वाळूच्या पोत्यांचे मोर्चे दिसू लागले. सागरी पोलीस ठाण्यांकडे लक्ष गेले.

तरीही हल्ल्याच्या ठिकाणी सर्वांत आधी पोहोचणारा माणूस कमांडो नसतो. तो जवळच्या ठाण्याचा अंमलदार असतो, गस्तीवरचा शिपाई असतो किंवा नाकाबंदीवरचा सहायक फौजदार असतो. विशेष पथक येईपर्यंतची वीस-पंचवीस मिनिटे त्यालाच निभवावी लागतात. त्यामुळे खरा कस लागतो तो या पहिल्या फळीच्या सरावाचा.

वरसावे आणि मीरा-भाईंदरशी याचा काय संबंध?

१ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय अस्तित्वात आले. त्याआधी मीरा-भाईंदर ठाणे ग्रामीण पोलिसांकडे, तर वसई-विरार पालघर पोलिसांकडे होते. या आयुक्तालयाचे पहिले आयुक्त सदानंद दाते. २६/११ च्या रात्री तेही घरून निघाले होते. वाटेत एका पोलीस ठाण्यातून त्यांनी शस्त्र आणि बुलेटप्रूफ जॅकेट घेतले आणि मोजक्या सहकाऱ्यांसह कामा रुग्णालयात कसाब आणि इस्माईल खान यांना तोंड दिले. हातबॉम्बच्या तुकड्यांनी ते जखमी झाले होते. म्हणजे ज्या दोघांना कामा रुग्णालयात दाते यांच्या पथकाने थोपवून धरले, त्याच दोघांसमोर पुढे चौपाटीवर ओंबळे उभे राहिले.

वरसावे हे या आयुक्तालयाचे महत्त्वाचे प्रवेशद्वार आहे. एका बाजूला मुंबई, दुसरीकडे ठाणे, तिसरीकडे खाडीपलीकडे वसई आणि पुढे गुजरात. शहरातून पळणारी गाडी अडवायची असेल तर खाडीवरच्या पुलाआधी हीच जागा हाती असते. गिरगाव चौपाटीवर समुद्र आणि दुभाजक यांमुळे जशी गाडी कोंडीत सापडली, तशी कोंडी इथे पुलाच्या तोंडाशी होऊ शकते. म्हणून इथल्या नाकाबंदीवर उभ्या असलेल्यांपैकी किमान काहींकडे योग्य शस्त्र असणे, त्यांनी ते अलीकडेच चालवलेले असणे आणि अंधारात, वाहनांच्या गर्दीत ते केव्हा चालवू नये हेही त्यांना ठाऊक असणे आवश्यक ठरते. महामार्गावर चुकलेली एक गोळी एखाद्या प्रवाशाचा जीव घेऊ शकते.

ओंबळे यांची आठवण कशी जपली गेली?

२६ जानेवारी २००९ रोजी ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले. शांतताकाळातील शौर्यासाठी दिला जाणारा हा देशाचा सर्वोच्च सन्मान आहे. करकरे, कामटे आणि साळसकर यांनाही त्या वेळी तो मिळाला. गिरगाव चौपाटीजवळ, जिथे ओंबळे पडले तिथे त्यांचा पुतळा उभा आहे. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला संशोधकांनी आयसियस तुकारामी हे नाव दिले. केडंबे येथे स्मारक उभारण्यासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये निधी मंजूर केला.

दर नोव्हेंबरमध्ये पुतळ्याला हार घातले जातात, भाषणे होतात. त्यांत लाठीनिशी एके-४७ ला भिडलेला वीर असा ओंबळे यांचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. पण लाठी ही त्यांची निवड नव्हती. ती त्यांना त्या रात्रीच्या कामासाठी मिळालेली सामग्री होती. ज्या माणसाला लष्कराने बंदूक चालवायला शिकवले होते, त्याचा तो अनुभव पोलीस दलाच्या कामी आला नाही. माजी सैनिक आजही राज्याच्या पोलीस दलात भरती होतात. त्यांच्या कौशल्याची वेगळी नोंद ठेवून त्यांना नियमित सरावात सामावून घेणे फार खर्चाचे नाही.

सर्वांना चोवीस तास पिस्तूल देणे हा या प्रश्नावरचा उपाय नाही, आणि कोणालाच न देणे हाही नाही. धोक्याच्या ठिकाणी प्रत्येक पथकात सशस्त्र आणि ताजा सराव असलेले किमान दोघे-तिघे, दरवर्षी प्रत्यक्षात होणारी आणि नोंद तपासली जाणारी चांदमारी, रात्रीच्या व जवळच्या अंतराच्या गोळीबाराचा सराव, शस्त्र देण्याआधी मनःस्वास्थ्याची तपासणी आणि पुरेशी रजा, या गोष्टी त्यापेक्षा अधिक उपयोगी आहेत. त्यांतल्या बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. गोळ्यांसाठी तरतूद, सरावासाठी मैदान आणि ड्युटीच्या तक्त्यात राखून ठेवलेला एक दिवस एवढे पुरते.